ओडवारचं निर्जंतुक विरजण

"आई, तुम्ही निर्धास्त जा! परत याल तेव्हा या घराच्या दोनशे वर्षांत झाली नसेल अशी बिअर तुमच्या हातात देतो!"

ओडवारने हे वाक्य अंगणात, गाडीचं दार धरून, अख्ख्या शेजाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. तो मूळचा समुद्रकाठच्या बर्गन शहराचा. बर्गनच्या माणसाला बढाई मारायला कारण लागत नाही, तोंड असलं की पुरे, असं आमच्या डोंगरातले लोक म्हणतात. लग्न करून तो बायकोच्या शेतावर राहायला आला, त्याला एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, तो स्वतः कारखान्यातल्या वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाला, डोक्यावरचे केसही निवृत्त झाले. पण गावाच्या लेखी तो अजून 'बर्गनकर'च!

आणि या एकतीस वर्षांत, दर नाताळाच्या आधी घरी बिअर होई तेव्हा, त्याच्याकडे एकच जबाबदारी असे. पाणी भरणे. ओढ्यावरून बादल्या आणायच्या, तांब्याच्या हंड्यात ओतायच्या आणि मग दूर उभं राहायचं. बाकी सगळं सासूबाईंच्या हातात.

सासूबाई म्हणजे ब्रिताआजी. वय शहाऐंशी, जीभ वय वर्षं वीस. डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला, की समोरचा माणूस ओळखायच्या तो आवाजावरून आणि शिव्या द्यायच्या त्या अंदाजाने. ऑपरेशनसाठी त्या दहा दिवस बर्गनला धाकट्या मुलीकडे निघाल्या होत्या, म्हणून यंदा नाइलाजाने कारभार जावयाकडे आला होता.

"ऐक, बर्गनकर," आजी गाडीतून म्हणाल्या. "कडं पेटीत आहे, पेटी उघडीच ठेवलीय. माल्टचं गोड पाणी कोमट झालं, की कडं त्यात सोडायचं, पोटातून आरोळी ठोकायची, झाकण ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. बास! स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"अहो आई, डोकं चालवायचं नाही म्हणजे..."

"म्हणजे चालवायचं नाही. बिअर जमली तर पेटीची किल्ली तुझी. नाही जमली तर बादल्या आहेतच."

आता हे कडं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, त्यांच्या गोड पाण्याची बिअर होते. दह्याला जसं विरजण, तसं बिअरला यीस्ट. आमच्याकडे ते दुकानातून आणत नाहीत. लाकडाच्या तुकड्यांचं एक कडं असतं, ते आंबणाऱ्या बिअरमध्ये बुडवायचं, खाचाखाचांत यीस्ट बसतं, मग कडं वाळवून पेटीत. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. आजीची आजी, तिची सासू, सगळ्यांचं तेच यीस्ट. घराचं नाव म्हणा, अब्रू म्हणा, त्या कड्यावर चिकटलेली असते. सोडताना आरोळी ठोकायची ती भुतंखेतं पळावीत म्हणून. आरोळी मिळमिळीत, तर बिअर मिळमिळीत!

गाडी वळणाआड गेली आणि ओडवारने पेटी उघडली. कड्यावर तपकिरी पापुद्रे होते, लोकरीचा एक धागा होता आणि माशीचा एक पाय होता.

"शी! तोरुन, हे बघ! हे आपण पितो!"

"एकतीस वर्षं पितोयस," त्याची बायको तोरुन म्हणाली. "मेलास का?"

"मेलो नाही ते नशीब! अगं, ह्यात जंतू आहेत. शास्त्र काय म्हणतं? शुद्ध यीस्ट वेगळं काढायचं, घरच्या घरी वाढवायचं, निर्जंतुक! सगळं इंटरनेटवर आहे. यंत्रसुद्धा घरी होतं!"

"आई म्हणाली डोकं चालवू नकोस."

"मी डोकं कुठे चालवतोय? मी यंत्र चालवणार आहे!"

आणि यंत्र त्याने केलं, हे मान्य करायला हवं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. पंख्यावर बिघडलेल्या हार्ड डिस्कमधले दोन लोहचुंबक. त्यावर चीजचा रिकामा डबा पालथा, डब्यावर काचेची बरणी, बरणीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला खिळ्याचा तुकडा. पंखा फिरला की चुंबक फिरतं, चुंबक फिरलं की आतला खिळा फिरतो, खिळा फिरला की यीस्ट ढवळलं जातं आणि भराभर वाढतं.

"आणि तुझं डोकं फिरलं ते कशाने?" तोरुनने विचारलं.

ओडवार बरणीचं झाकण लावत राहिला. थोरांना हे सोसावंच लागतं.

कारखान्याचा माणूस. कुठलीही महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी ठेवायची, हा त्याचा नियम. त्याने कड्यावरचे थोडे पापुद्रे खरवडून बरणीत टाकले, थोडे बशांत पसरलेल्या जेलीवर लावले आणि बाकीचे कड्यावर तसेच ठेवले. तीन ठिकाणं! एक गेलं तर दोन, दोन गेली तर एक. तोरुनला त्याने हे दोनदा समजावून सांगितलं, आणि दोन्ही वेळा ती विणत होती.

मग त्याने भिंतीवर यादी लावली. 'यीस्टला लागणारी प्रत्येक वस्तू प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं उकडणे.' चमचे उकडले. चिमटा उकडला. बरणीचं झाकण उकडलं. एकही वस्तू सुटू नये म्हणून तो प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करत होता. असा काटेकोर माणूस गावात दुसरा नाही, असं तो स्वतःशीच म्हणत होता. सगळ्यात शेवटी यादीत होतं 'लाकडी सामान.' त्याने लाकडी पळी टाकली. आणि कडं टाकलं.

बारा मिनिटं कुकर मजेत फुसफुसत होता. तेराव्या मिनिटाला ओडवारच्या लक्षात आलं, की आपण यीस्टला लागणारी वस्तू नाही, यीस्टच उकडतोय!

"अगं आई गं!"

"काय झालं?" तोरुन आतून ओरडली.

"काही नाही! भाजलं जरा!"

कडं बाहेर आलं ते पांढरंफटक. दोनशे वर्षांची पुण्याई कुकरच्या तळाशी पिठल्यासारखी बसली होती. माशीचा पाय मात्र शाबूत होता.

'घाबरायचं काही कारण नाही,' ओडवारने स्वतःला बजावलं. 'अजून दोन ठिकाणं आहेत!'

बशा त्याने न्हाणीघरात ठेवल्या होत्या, कारण आमच्याकडे न्हाणीघराची फरशी खालून गरम असते आणि यीस्टला ऊब लागते. इथवर शास्त्र बरोबर होतं. पण यीस्ट वाढतंय की नाही हे बघायला तो तासातासाला झाकण उघडी. वाकून बघी. बघताना शिंके. दोन दिवसांत बशांवर हिरवीगार लव आली, मधूनमधून गुलाबी ठिपके.

"बागकाम छान जमलंय!" तोरुन दात घासता घासता म्हणाली.

उरली बरणी. बरणीत मात्र खरोखर चमत्कार होता! फेस, बुडबुडे आणि संत्र्याच्या सालीसारखा वास. हा वास आजींच्या बिअरचा, ओडवारने डोळे मिटून ओळखला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्याच्या मनात आलं, पंखा अर्ध्या वेगाने फिरून एवढं, तर पुऱ्या वेगाने किती!

त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिळा खणखणला. बरणी थरथरली, मग डब्यावरून चालायला लागली. "थांब!" असं ओडवार तिला म्हणाला. ती थांबली नाही. तिने टेबलाच्या कडेवरून उडी घेतली, खुर्चीच्या पाठीवर आपटली आणि फुटली. फेसाचा एक लोट छताला लागला, एक नाताळासाठी नुकत्याच इस्त्री केलेल्या पडद्यांना आणि एक ओडवारच्या टकलावर!

तोरुन दारात आली. तिने छताकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं.

"हे यीस्ट आता निर्जंतुक आहे का?" तिने विचारलं.

फुटक्या बुडात तीन बोटं यीस्ट उरलं होतं. ओडवारने ते फडक्यातून गाळून, श्वास रोखून एका कपात घेतलं आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवलं. कपावर चिठ्ठी लावायचं त्याच्या मनात होतं. पण हात चिकट होते. म्हटलं, हात धुऊन लावू. हात धुता धुता छत पुसायला घेतलं आणि चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाकडं फोडून घरात आला तर घरभर वेलदोड्याचा घमघमाट! टेबलावर गोड पावांचा ढीग.

"वा! आज काय फुगलेत गं पाव! कापूस नुसता!"

"खा ना. गरम आहेत."

त्याने एक खाल्ला. लोणी लावून दुसरा खाल्ला. तिसरा तोंडात असताना त्याला संत्र्याच्या सालीसारखी चव लागली. त्याचा जबडा जागच्या जागी थांबला.

"तोरुन... ह्यात यीस्ट कुठलं?"

"फ्रिजमधे कपात होतं ना, मागे. वाया जाईल म्हटलं."

मंडळी, माणसाच्या तोंडचं पाणी पळतं हे तुम्ही ऐकलं असेल. ओडवारच्या तोंडचा पावसुद्धा पळाला! दोनशे वर्षं या घराण्याने जे जपलं, त्यातले अडीच पाव त्याच्या पोटात होते आणि उरलेले एकवीस जाळीवर निवत होते. त्याने एक पाव उचलून कानाशी धरला. जिवंतपणाची काही खूण ऐकू येईना.

"आता?" तो खुर्चीत बसला. "चार दिवसांनी आई येणार. त्याच संध्याकाळी शेजारी बिअर चाखायला येणार. तोरुन, मी तुझ्या आईचं यीस्ट मारलं गं!"

तोरुनला पहिल्यांदा त्याची दया आली. "सिव्हर्टकडे जा," ती म्हणाली. "कोणाचं यीस्ट बिघडलं तर शेजाऱ्याकडून आणायचं, ही रीतच आहे. त्यात लाज कसली?"

लाज अशी, की गेल्या नाताळात याच सिव्हर्टच्या घरी, भरल्या बैठकीत, तिसऱ्या पेल्यानंतर ओडवारने भाषण केलं होतं. 'सिव्हर्टच्या बिअरमध्ये इतके जंतू आहेत, की सरकारने त्यांची जनगणना करावी!' लोक हसले होते. सिव्हर्ट हसला नव्हता. त्यानंतर वर्षभर तो ओडवारला बघितलं की मेंढ्यांशी बोलायला लागे.

पण अडला हरी! ओडवार उरलेले पाव टोपलीत घालून निघाला. सिव्हर्ट गोठ्यात मेंढ्यांना चारा घालत होता.

"सिव्हर्ट, बरं आहे ना?"

"बघ गं," सिव्हर्ट एका मेंढीला म्हणाला, "शास्त्रज्ञ आलेत. पाय पुसून उभी राहा."

"तसं काही नाही रे. जरा... थोडंसं यीस्ट हवं होतं. आमचं आहेच! उत्तम आहे! पण तुलना करायला म्हणून..."

"तुलना?"

"उकडलं मी ते," ओडवार म्हणाला. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

सिव्हर्टचा घमेलं धरलेला हात खाली आला. क्षणभर त्याचा चेहरा विचित्र झाला, जणू हसू आणि खोकला एकदमच आला. मग तो सावरला.

"हं! म्हणजे आमच्या जंतूंची गरज पडली तर. हे यीस्ट आमच्या खापरपणजोबांपासूनचं आहे बरं का. असं कोणालाही देत नाही."

"तू म्हणशील ते करतो!"

सिव्हर्टने हिशेबाने तीन गोष्टी सांगितल्या. गोठ्यातलं शेण उपसायचं. पावांची टोपली इथेच ठेवायची. आणि मेंढ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं, की गावात सगळ्यात चांगली बिअर सिव्हर्टची. ओडवारने तिन्ही केल्या. तिसरी दोनदा केली, कारण मागच्या मेंढ्यांना ऐकू गेलं नाही असं सिव्हर्टचं म्हणणं पडलं. मग त्याला तंबाखूच्या डबीत मूठभर तपकिरी पापुद्रे मिळाले.

दुसऱ्या दिवशी बिअर करायला घेतली. ओडवारने यंत्र बाजूला ठेवलं, यादी फाडली, जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या उकळल्या, माल्ट भिजवला, आणि पाणी अर्थात स्वतःच भरलं. गोड पाणी कोमट झाल्यावर त्याने डबी उपडी केली. आता आरोळी! चार दिवस छातीत साठलेलं सगळं त्या आरोळीत बाहेर आलं. कडं, बशा, बरणी, अडीच पाव, मेंढ्या, सगळं! समोरच्या डोंगरावरून प्रतिध्वनी आला, चार कुत्री भुंकली आणि खालच्या रस्त्यावर टपालाची गाडी थांबली. टपालवाल्याला तोरुनने सांगितलं, की कोणी मेलेलं नाही, बिअर केलीय.

दोन दिवसांत बिअर झाली. राहिलं पांढरं कडं. ते त्याने नव्या बिअरमध्ये बुडवून काढलं, पण एका दिवसात दोनशे वर्षांचे पापुद्रे कुठून येणार? शेवटी त्याने ओटची लापशी केली, काळी कॉफी घालून तपकिरी रंग आणला, कड्याला जाडसर थापली आणि त्याच कॉम्प्युटरच्या पंख्यासमोर वाळत ठेवली. पंखा इमाने इतबारे फिरला. संध्याकाळपर्यंत कडं असं हुबेहूब दिसायला लागलं, की त्याला स्वतःलाच ते बघून आदर वाटला. शिवाय आजींना दिसतंय कुठे!

इथे ओडवारचं एक चुकलं. आजी बर्गनला कशासाठी गेल्या होत्या, हे तो गडबडीत विसरला होता.

"छतावर काय आहे ते?" आजींनी दारात पाऊल टाकताच विचारलं. डोळे घारीसारखे लखलखत होते.

"क-कॉफी उडाली, आई."

"छतापर्यंत?"

"जोरात शिंक आली."

"आणि बर्गनकर, तू इतका म्हातारा कधी झालास?" आजी त्याला न्याहाळत म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघर शेजाऱ्यांनी भरलं. सिव्हर्ट कोपऱ्यात, तोंडावर साळसूद भाव. लाकडी वाडगा भरून पहिल्यांदा आजींच्या हातात गेला. त्यांनी आधी वास घेतला. मग घोट घेतला. मग डोळे मिटले. ओडवारची पाचावर धारण बसली.

"आपलीच," आजी म्हणाल्या. "अगदी आपली! माझ्या आजीच्या हातची!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओडवारचा जीव भांड्यात पडला. आणि इथे कोणत्याही शहाण्या माणसाने गप्प बसून पेला हातात घेतला असता. पण बर्गन ते बर्गन!

"मी म्हटलंच होतं!" तो उभा राहिला. "हा सगळा शास्त्राचा प्रताप! तेच यीस्ट, पण शुद्ध, निर्जंतुक! मी स्वतः वाढवलं, स्वतःच्या यंत्रावर! गावात कोणाला आपलं यीस्ट स्वच्छ करून हवं असेल तर आणून द्या. सिव्हर्ट, तुझंही देईन करून!"

सिव्हर्टला ठसका लागला. शेजाऱ्याने त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले.

"शाब्बास!" आजी म्हणाल्या. "तोरुन, पेटी आण गं. किल्ली द्यायची तर कडंही सगळ्यांसमोर देऊ."

पेटी आली. आजींनी कडं दिव्याजवळ धरलं, नव्या डोळ्यांनी सगळीकडून फिरवून बघितलं. नखाने एक पापुद्रा काढला आणि जिभेवर ठेवला.

"लापशी," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे."

मग त्यांनी कडं ओडवारपुढे धरलं.

"बोल, बर्गनकर."

ओडवारने सगळं सांगितलं. कुकर सांगितला, बशा सांगितल्या, बरणी सांगितली. पावांशी आला तेव्हा त्याने हात जोडले. "आई, तुमच्या आजीचं यीस्ट माझ्या हातून संपलं हो! तुम्ही आपली म्हणालात ती बिअर आपली नाही. सिव्हर्टच्या यीस्टची आहे. त्याच्या खापरपणजोबांची!"

"असं?" आजींनी मान वळवली. "सिव्हर्ट, तू सांगतोस की मी सांगू?"

सिव्हर्ट बुटांकडे बघत होता. "त्याचं काय आहे," तो पुटपुटला, "गेल्या नाताळात हा म्हणाला ना, जंतू... लोक हसले. मला ते लागलं. घरी गेलो आणि म्हटलं, एकदा स्वच्छ करून टाकू."

"काय केलंस?"

"उकळलं."

"आणि मग ईस्टरला माझ्याकडे मागच्या दाराने आलास," आजी म्हणाल्या, "आणि मी आपल्या कड्यावरचं अर्धं तुला दिलं. तंबाखूच्या डबीत!"

स्वयंपाकघरात असा हशा उठला, की चुलीवरची किटली नाचली. ओडवारने सिव्हर्टकडे बघितलं, सिव्हर्टने ओडवारकडे. उपसलेलं शेण दोघांच्याही डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"अरे शहाण्यांनो," आजी म्हणाल्या, "विरजण कधी आपल्या घरात राहतं का? ते शेजाऱ्याच्या घरात ठेवायचं असतं. आपल्या घरात ठेवायला घरात बर्गनकर नसावा लागतो!"

मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि हात पुढे केला. ओडवारने आशेने ओंजळ धरली. हात त्याच्या समोरून गेला आणि तोरुनच्या पुढ्यात थांबला.

"घे गं. निदान तू त्याचे पाव तरी केलेस. मी ऐकलं, चांगले झाले होते."

"फार चांगले!" सिव्हर्ट म्हणाला आणि लगेच गप्प बसला.

"आणि मी?" ओडवारने विचारलं.

आजींनी त्याच्याकडे जरा मायेने बघितलं. "आरोळी चांगली ठोकलीस म्हणे. टपालवाला सांगत होता. आणि तुझं ते यंत्र आहे ना, चुंबकं काढ आणि आण इकडे. पंखा बरा आहे, उद्या कडं खऱ्या यीस्टमध्ये बुडवून वाळवायला होईल. लापशी काढून कडं घासायचंय आधी. तेवढं पाणी घेऊन ये."

ओडवार उठला. दारामागच्या दोन बादल्या उचलल्या आणि बाहेर पडला. ओढ्याच्या वाटेला लागतोय, तोच मागून खिडकी उघडली.

"बर्गनकर!" सिव्हर्ट ओरडला. "बादल्या आधी उकडून घे रे!"